२१ दिवसांत आनंदाची सवय लागली नाही, म्हणून स्वतःला दोष देऊ नका

पाडवा आला की, किंवा नवीन वर्ष लागलं की, एक संदेश घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर साधारण असा असतो: 'पहाटे ५ ला उठा. रोज १० गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा. नकारात्मक विचार मनाला शिवू देऊ नका. असं २१ दिवस करा, एकही दिवस न चुकवता. बाविसाव्या दिवशी आनंद ही तुमची सवय झालेली असेल. आनंद फक्त तुमच्याच हातात आहे. नाही मिळाला, तर तुम्ही मनापासून प्रयत्नच केला नाहीत.'

त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे. मनापासून सुरुवात करून बाराव्या दिवशी थांबलेली माणसं त्या वाक्यामुळे स्वतःलाच कमकुवत समजू लागतात. खोट मात्र संदेशात आहे. एकेक दावा घेऊ.

'२१ दिवसांत सवय लागते'

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 'सायको-सायबरनेटिक्स' या १९६० च्या पुस्तकातून आला. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'साधारण' आणि 'किमान' हे दोन्ही शब्द गळून पडले आणि उरला नुसता आकडा. शिवाय बदललेला चेहरा अंगवळणी पडणं वेगळं आणि रोज उठून एखादी नवी गोष्ट करणं वेगळं.

सवयीला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजलं. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यांतली एकेक साधी कृती निवडली, ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली आणि १२ आठवडे नोंदी ठेवल्या. विचार न करता आपोआप घडण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला, त्याचा मध्यक ६६, म्हणजे निम्म्यांना याहून कमी दिवस लागले आणि निम्म्यांना जास्त. त्यातही २५४ हा अंदाज आहे, कारण निरीक्षण ८४ दिवसांचंच होतं. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. तेव्हा २१ खोडून तिथे ६६ लिहिण्यातही अर्थ नाही. काळ माणसावर आणि कृतीवर ठरतो.

कृती दिवसेंदिवस किती आपोआप होत गेली, त्याच्या आलेखाचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुरुवातीच्या दिवसांत चढ मोठा असतो, मग तो हळूहळू सपाट होत जातो. बहुतेकांचा एकविसावा दिवस या चढावरच कुठेतरी येतो. तिथे 'अजून जड जातंय' वाटणं अगदी अपेक्षित आहे, आणि नेमकं तिथेच हा संदेश सांगतो की तुम्ही हरलात.

'एकही दिवस चुकता कामा नये'

त्याच अभ्यासात एखादी खेप चुकल्याने सवय घडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. नुकसान होतं ते 'आता मोडलंच, सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून' या विचाराने. मोजणी शून्यावर आणू नका. दुसऱ्या दिवशी दुप्पटही करू नका, त्याने कृती जड होते आणि तिसरा दिवसही जातो. चुकण्याचं कारण तेवढं बघा.

ते कारण बहुतेक वेळा जोडणीत, म्हणजे कृती कोणत्या प्रसंगाला जोडली त्यात, सापडतं. रोज २० मिनिटं चालायचं ठरवलंय असं धरू. 'संध्याकाळी ६ ला चालायला जाईन' ही जोडणी कच्ची, कारण सहा वाजले हे कळायला घड्याळाकडे लक्ष जावं लागतं आणि सहा वाजता आपण बसमध्येही असू शकतो. त्याऐवजी घडून संपणारी गोष्ट धरा: 'चहाचा कप बेसिनमध्ये ठेवला की चपला घालायच्या.' कप हातातून सुटतो, पुढचं काम अजून सुरू झालेलं नसतं, तीच फट आपल्या उपयोगाची. 'चहा पिताना' असं ठरवलं तर ती फट मिळत नाही. टीव्ही लागतो, फोन हातात येतो आणि तासभर जातो.

पहिले दोन आठवडे कृती हास्यास्पद वाटेल इतकी छोटी ठेवा: चपला घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, ५ मिनिटं. रुजवायचं आहे ते दाराबाहेर पडणं, अंतर मागाहून वाढतं. चपलांचा जोड कपाटात असेल तर तो दाराशी आणा. मग अडचणी आधीच लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे 'जर-तर' असं वाक्य लिहा. जर पाऊस असेल तर जिना तीनदा चढ-उतार. जर पाहुणे असतील तर ते गेल्यावर गच्चीवर पाच फेऱ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाचं वाक्य नसलं, तर उन्हाळ्यात लागलेली सवय पहिल्याच झडीत जाते. रविवारचा चहा वेगळ्या वेळी होतो, पण कप बेसिनमध्ये जातोच, म्हणून ही जोडणी रविवारीही टिकते. असल्या जर-तर वाक्यांवर पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा केव्हा, कुठे, कसं हे ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं.

'पहाटे ५ ला उठा'

प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते. पाचला उठायचं तर दहाला झोप लागलेली हवी. दहा वाजता जी लोकलमध्ये आहे किंवा उद्याच्या डब्याची भाजी निवडतेय, तिला पाचचा गजर म्हणजे रोज दोन तासांची तूट. तुटलेल्या झोपेने चिडचिड वाढते आणि तो दिवस आनंदाच्या खात्यावर लिहायचा म्हणे! लवकर किंवा उशिरा झोप येणं काही अंशी उपजत असतं. लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र शासनानेच २०२४ मध्ये सांगितलं. मोठ्यांच्या झोपेचीही तेवढी कदर करायला हवी. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, मग ती ५ असो वा ७.

'रोज १० गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा'

कृतज्ञतेच्या नोंदींचा उपयोग होतो, थोडा पण खरा. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात माणसांनी आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त ५ गोष्टी, १० आठवडे लिहिल्या. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या ६ आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. रोज दहा म्हणजे आठवड्याला सत्तर. चौथ्या दिवसापासून 'आईवडील, आरोग्य, घर' हीच यादी उतरवली जाते आणि मन त्यात उरत नाही.

म्हणून आठवड्याचा एक दिवस धरा, तीन ते पाच नोंदी पुरेत, आणि त्या आदल्या आठवड्यातल्याच असू द्या. 'शेजारी चांगले आहेत' ही नोंद वाया गेली. 'मंगळवारी अचानक सर आली तेव्हा शेजारच्या काकूंनी आपले वाळत घातलेले कपडे काढून, घड्या घालून ठेवले' ही नोंद कामाची. अशी नोंद झाली की पुढचं पाऊल वहीबाहेरचं: काकूंना जाऊन ते सांगा.

'नकारात्मक विचार मनाला शिवू देऊ नका'

औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगशाळेत तेच दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, केलात तर घंटा वाजवा, असं सांगितल्यावर घंटा वाजतच राहिली. पुढे मोकळीक दिल्यावर तर आधी दडपलेल्यांना अस्वल जास्तच आठवलं. विचार येत नाहीये ना, हे तपासायलाच मन त्या विचाराकडे जातं.

काळजी हाकलण्यापेक्षा तिला वेळ नेमून द्या. दिवसातला अर्धा तास, समजा संध्याकाळी साडेसहाचा, रोज तीच जागा, अंथरूण सोडून कुठलीही, आणि झोपण्याच्या बरंच आधी. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहा आणि 'साडेसहाला बघू' म्हणून हातातल्या कामाकडे वळा. साडेसहाला यादी उघडा. ज्याचं काही करता येतं, त्यापुढे पहिली कृती लिहा: 'हप्त्याचं काय' यापुढे 'उद्या ११ ला बँकेत फोन'. बाकीच्यांवर अर्धा तास खुशाल काळजी करा. पहिल्या आठवड्यात पुढे ढकलणं जमत नाही, पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. ते तसंच असतं.

'आनंद फक्त तुमच्याच हातात आहे'

नोकरी गेलेल्या, आजारपण काढणाऱ्या, घरात मार खाणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठवू नये. आणि नैराश्य हा आजार आहे, त्यात इच्छाशक्तीच पहिली मार खाते. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेच्या कामातून १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर समुपदेशनाची चाचणी झाली, ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक ६ ते ८ बैठका घेत. भर मनःस्थितीवर नव्हता, दिवसातल्या कृतींवर होता: काय सोडून दिलंय, त्यातलं छोटंसं काय पुन्हा सुरू करता येईल, अडतंय कुठे. बरं वाटेल मग करीन, हा क्रम त्यांनी उलटा केला. तीन महिन्यांनी आजार ओसरलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ६४ टक्के, तर केंद्रातले नेहमीचेच, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के होतं. आणि हे एकट्याने, वहीत बघून झालेलं नव्हतं. समोर दर आठवड्याला विचारणारं माणूस होतं.

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीतही मन रमत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर सवयीचं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. घरातल्या कुणाचं असं चाललं असेल तर क्रमांक नुसता पाठवू नका. शेजारी बसून फोन लावून द्या.