मुंडी-पाय कशावर भाजलेत, हे आधी विचारा

यात्रा आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मुंडी-पायांना मागणी वाढते. भाजून देणाऱ्यापुढे रांग लागते. अशा वेळी भट्टीत टायरचा तुकडा टाकला की जाळ भडकतो आणि केस झटक्यात जातात. काम लवकर उरकतं, पण असा माल घरात घेऊ नका.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात काजळी, गंधक, झिंक ऑक्साइड, तेलं असं बरंच काही असतं. ते अर्धवट जळताना बेंझोपायरीन तयार होतं आणि धुराबरोबर कातडीवर बसतं. माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते घातलंय. युरोपात धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा पाच लाखावा भाग!

"हळद-मीठ लावून धुतलं, कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या, आता काय राहतंय?" राहतंय. उकळून जंतू मरतात, बेंझोपायरीन जात नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळतं. त्यामुळे पायाच्या रश्श्यावरच्या तवंगातही उतरतं. धुरातून बसलेले धातू तर कितीही शिजवा, तसेच राहतात.

केस काढायला एवढ्या जाळाची गरजच नाही. 60 ते 65 अंशांच्या पाण्यात मुंडी-पाय काही मिनिटं बुडवायचे, केस हाताने उपटून येऊ लागले की सुरीने खरवडायचे. उकळतं पाणी घेऊ नका, कातडी शिजते आणि केस उलट घट्ट धरतात. उरलेली बारीक लव गॅसच्या बंदुकीने जाळायची. ज्योत निळी हवी. पिवळी झाली म्हणजे हवा कमी पडतेय, काजळी धरणार. एका जागी ज्योत रोखायची नाही, कातडी तांबूस झाली की पुढे सरकायचं. कोळसा होईपर्यंत भाजलं तर गॅसवरही हीच भानगड. मग कानामागे, नाकपुड्यांत, खुरांच्या बेचक्यात काळं राहतं, ते खरवडून मगच धुवायचं. काळा थर निघाला की बराचसा धोका कमी होतो, पण टायरवरच्या मालाला हा उपाय पुरेसा समजू नका. रबराचा वास आला तर सरळ परत करा.

भाजणाऱ्याला नुसतं दटावून हे थांबणार नाही. नगावर पैसे मिळणारा माणूस स्वस्तातलं जळणच शोधणार. पालिका-पंचायतींनी मटण मार्केटात गॅसची सोय आणि गरम पाण्याची टाकी द्यावी, टायर जाळायला सक्त बंदी घालावी. आणि भाजणावळ दहा-वीस रुपयांनी वाढली तर आपण घासाघीस करू नये.