विकणाऱ्याचं बिल तुमचं नसतं

पुण्यात एप्रिलमध्ये मिळकतकराची बिलं निघाली की तोच वाद नव्याने सुरू होतो आणि फोनवरून इथे न्यू जर्सीत माझ्यापर्यंतही येऊन पोचतो. घर आमचं, कर्ज आम्ही फेडलं, मग पालिकेला दरवर्षी भाडं कसलं द्यायचं? त्याच्या मागोमाग ठरलेलं वाक्य येतं: तुमचं बरं आहे, तिकडे कर भरला की सुविधा तरी मिळतात.

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पुण्यात कोटीभराच्या फ्लॅटला वर्षाला वीस-पंचवीस हजारांचं बिल आलं तर ते किमतीच्या पाव टक्का होतं. टेक्सासच्या बऱ्याच उपनगरांत दोन टक्के सहज लागतात, म्हणजे कोटीला दोन लाख, आणि तेही दरवर्षी. त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. तुमची मुलं शिकून बाहेर पडून वीस वर्षं झाली असली तरी तो चुकत नाही. पुणेकरांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. घर घेतानाच सरकार मुद्रांक शुल्काचे सहा-सात टक्के कापून घेतं. टेक्सासमध्ये घर नावावर करताना असा कर नाही.

पण या वादात राग येण्यासारखं दुसरंही काही आहे, आणि ते इथल्या आमच्याच लोकांचं आहे. पासष्टी जवळ आली की एडिसन-प्लेन्सबरोची मंडळी म्हणू लागतात, "टेक्सासला जाऊ, फ्लोरिडाला जाऊ, तिथे टॅक्सच नाही." तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, एवढंच खरं आहे. निवृत्त माणसाचं त्यातून किती वाचतं? न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनावर, कर लावतच नाही. नवरा-बायको ६२ च्या पुढचे असतील, एकत्र रिटर्न भरत असतील आणि वर्षाचं एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल, तर पेन्शन आणि ४०१-के (नोकरीतला निवृत्ती निधी) मधून काढलेली रक्कमही राज्याच्या करातून पूर्ण वगळता येते. अशा घरात राज्याचा कर बहुतेक वेळा आधीच शून्यावर आलेला असतो. मग टेक्सासला जाऊन शून्याचं शून्यच होणार. उलट इथला सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे, म्हणजे ज्येष्ठांना मिळकतकरात दिलासा देणाऱ्या राज्याच्या योजना, राज्य सोडलं की हातच्या जातात.

तरीही जायचंच असेल, मुलगी डॅलसला आहे, थंडी सोसवत नाही, तर खुशाल जावं. पण घर बघताना लिस्टिंगवर, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, छापलेला टॅक्सचा आकडा विकणाऱ्याचा असतो, हे पक्कं ध्यानात ठेवावं. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच.

फ्लोरिडाचं बघा. राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढवता येतं, महागाई त्याहून कमी असेल तर तेवढंच. वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या माणसाच्या घराचा बाजारभाव ४,५०,००० डॉलर असला तरी कागदावरचं मूल्य २,१०,००० असू शकतं. होमस्टेडची, म्हणजे स्वतः राहत्या घराला मिळणारी, सुमारे ५०,००० ची सूट वजा केली आणि दर १.७ टक्के धरला, तर त्याचं बिल २,७०० च्या आसपास येतं. घर विकलं की पुढच्या १ जानेवारीला मूल्य थेट बाजारभावावर जातं. तुमची सूट धरूनही बिल ६,८०० च्या घरात जातं. गोम अशी की घेतलेल्या वर्षी बिल जुन्याच मूल्यावर येतं. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि धक्का दुसऱ्या वर्षी बसतो. कर्ज असेल तर एस्क्रोत (बँक हप्त्यातून करासाठी पैसे बाजूला ठेवते त्या खात्यात) तूट पडून मासिक हप्ताही वाढतो. नव्या बांधकामात तर पहिलं बिल नुसत्या जमिनीचं असू शकतं, कारण १ जानेवारीला घर उभंच नव्हतं.

म्हणून काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या (घरांचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) साइटवर पत्ता टाकून घराचं पान स्वतः उघडायचं. त्यावर बाजारमूल्य, ३ टक्क्यांची कॅप लावलेलं मूल्य आणि करपात्र मूल्य असे वेगवेगळे आकडे दिसतात. पहिल्या दोन आकड्यांत मोठी दरी असेल, तर ती दरी तुमच्या खिशातून भरली जाणार आहे. बिलाच्या तळाशी मूल्याशी संबंध नसलेल्या आकारण्या असतात, नव्या कॉलनीत त्यात सीडीडी, म्हणजे कॉलनीतल्या सोयी उभारण्याच्या खर्चाची आकारणी, असतो. होमस्टेडच्या सवलतीने तो कमी होत नाही. होमस्टेडचा अर्ज १ मार्चपर्यंत द्यायचा. बिल नोव्हेंबरमध्ये भरलं तर ४ टक्के सूट, मग दर महिन्याला एकेक टक्का कमी होत मार्चमध्ये काही नाही.

टेक्सासचं गणित वेगळं आहे, आणि पासष्टीच्या पुढच्यांना ते खरंच फायद्याचं ठरू शकतं. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानंतर शाळेच्या करासाठी राहत्या घराच्या मूल्यातून १,४०,००० डॉलरची सूट आहे आणि ६५ च्या पुढच्यांना आणखी ६०,००० ची. घर ४,००,००० चं, एकूण दर २.२ टक्के, त्यातला शाळेचा १ टक्का, असं धरू. काहीच अर्ज केला नाही तर बिल ८,८००. दोन्ही सवलती घेतल्या तर शाळेचे २,००० आणि बाकीचे ४,८००, मिळून ६,८००. शिवाय शाळेचा तो आकडा तिथेच गोठतो. पुढे तुम्ही खोली वाढवली किंवा पूल बांधला तरच तो वाढतो. विकणारा सत्तरीचा असेल तर त्याचाही आकडा असाच गोठलेला असतो आणि घर विकताच तो सुटतो. त्याची पावती बघून बजेट आखू नये.

नव्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, मड (MUD) टॅक्स वेगळा विचारायचा. पाण्याच्या लाइन आणि सांडपाण्यासाठी काढलेलं कर्ज त्यातून फिटत असतं, म्हणून कॉलनी जितकी नवी तितका तो बहुधा जास्त. मूल्य पटलं नाही तर १५ मेपर्यंत किंवा नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, जे नंतर येईल तोवर, प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, करता येतो. सोबत शेजारच्या तीन-चार घरांचे विक्रीभाव आणि छत-पाया खराब असेल तर फोटो आणि कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन जोडावं. "कर फार आहे" एवढ्यावर तिथे कोणी ऐकत नाही, मूल्य चुकीचं आहे हे दाखवावं लागतं. बिल ३१ जानेवारीपर्यंत भरायचं.

आणि आता जे बोलायला जड जातं ते. या सगळ्या सवलती एकाच प्रश्नावर उभ्या आहेत: तुम्ही इथेच राहता ना? टेक्सासला ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो. फ्लोरिडात चुकीचा होमस्टेड घेतल्याचं उघड झालं तर दहा वर्षं मागे जाऊन कर वसूल करतात, वर ५० टक्के दंड आणि वर्षाला १५ टक्के व्याज. लागोपाठ दोन वर्षं घर तीस दिवसांहून जास्त भाड्याने दिलं तरी होमस्टेड जातो. पुण्यातही तेच आहे. मधली काही वर्षं बंद झालेली ४० टक्क्यांची सवलत २०२३ मध्ये परत आली, ती स्वतः राहणाऱ्यालाच. त्यासाठी पीटी-३ अर्ज आणि सोसायटीचं पत्र लागतं.

आमच्या पिढीचा बेत असतो सहा महिने अमेरिकेत आणि सहा महिने कोथरूडला. या प्रश्नाचं उत्तर दोन्ही अर्जांवर "हो" असं लिहावं, असं मनापासून वाटतं, मलाही वाटतं. पुणेकरांवर चिडतो तेव्हा त्यातला निम्मा राग याचाच असतो. ते एका वाक्यात "माझं घर" म्हणतात, आणि भांडतातही त्याच हक्काने.

कागदावर मात्र एकच पत्ता चालतो. टेक्सास निदान तात्पुरत्या गैरहजेरीला दोन वर्षांपर्यंत मुभा देतं, दुसरं मुख्य घर केलं नसेल तर. तेव्हा कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल तर तिथली ४० टक्के सोडून द्यावी, पालिकेला तसं लेखी कळवावं, आणि वाढलेलं बिल भाडं ठरवतानाच हिशेबात धरावं.