‘आब्रा’चा कप्तान

आमच्या कट्ट्यावर वादाला तोंड फोडलं वकिलांनी. फिलिपिन्सच्या नौदलात एक 115 मीटर लांबीचं जहाज आहे, बीआरपी रामोन अल्काराझ. वकिलांचा सवाल सरळ होता. "ज्याचं नाव दिलं, त्याची युद्धातली बोट केवढी? साठेक फुटांची! ती हातची गेली, वर स्वतः कैद झाला. त्याच वर्गातल्या दुसऱ्या दोन जहाजांची नावं बघा, ग्रेगोरिओ देल पिलार आणि आंद्रेस बोनिफासिओ. दोघंही स्वातंत्र्यलढ्यातले. त्या पंगतीत हा कसा बसतो?"

"त्या दोघांनी कधी समुद्रावर बोट चालवली होती का?" मास्तर म्हणाले. "तिघांत दर्यावर्दी एकटा अल्काराझच. आणि लहान बोट मिळाली हा त्याचा दोष नाही. मुळात बोटीच तीन होत्या."

मग मास्तरांनी ते तीनचं गणित उलगडलं. फिलिपिन्स म्हणजे सात हजारांवर बेटं. एवढा किनारा राखायला मोठ्या युद्धनौका घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून अमेरिकी सेनानी मॅकआर्थरच्या योजनेत वेगवान टॉर्पेडो बोटींचा, म्हणजे पाण्याखालून धावणारं स्फोटक सोडणाऱ्या बोटींचा, ताफा ठरला आणि फेब्रुवारी 1939 मध्ये ‘ऑफशोअर पेट्रोल’ हे किनाऱ्यावर गस्त घालणारं दल उभं राहिलं. पहिल्या दोन बोटी इंग्लंडच्या थॉर्निक्रॉफ्टकडून आल्या, तिसरी त्याच नमुन्यावर फिलिपिन्समध्येच बांधली. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि इंग्लंडहून येणारा माल थांबला. जपानने डिसेंबर 1941 मध्ये हल्ला केला तेव्हा हातात होत्या क्यू-111 ‘लुझोन’, क्यू-112 ‘आब्रा’ आणि क्यू-113 ‘आगुसान’. आब्राचा कप्तान अल्काराझ, बुलाकान प्रांतातला, वय 26. बाग्योच्या मिलिटरी अकादमीतून 1940 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतला. बाग्यो म्हणजे सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचं थंड हवेचं गाव. म्हणजे खरा समुद्र हा पोरगा शिकला तो नेमणूक झाल्यावरच.

जहाजांतलं जाणणारा आमचा चीफ इतका वेळ गप्प होता. आता तो सरसावला. "ही बोट नेमकी काय चीज होती ते आधी समजून घ्या. थॉर्निक्रॉफ्टच्या या जातीच्या बोटीला टॉर्पेडो सोडायची नळी नसते. मागच्या बाजूला एक उघडी घळ असते, त्यात टॉर्पेडो तोंड पुढे करून ठेवलेला. दांड्याने तो मागे ढकलायचा. तो शेपटाकडून पाण्यात पडतो, त्याचं यंत्र सुरू होतं आणि तो धावतो कुठे? बोटीच्याच मागे! म्हणून टॉर्पेडो सोडला की लगेच सुकाणू मारून बाजूला व्हायचं. चुकलं तर आपलाच टॉर्पेडो आपल्या बुडाला. वेग कमी ठेवूनही चालत नाही, कारण मग तो लगेच गाठतो. असल्या बोटीवर कप्तान होणं सोपं नाही, वकीलसाहेब."

"मान्य. पण 17 जानेवारी 1942 ला मनिलाच्या उपसागरात त्याने टॉर्पेडो कुठे मारला? तिथे तर विमानं होती."

"तेच तर मोठं," चीफ म्हणाला. त्या दिवशी नऊ जपानी डाइव्ह बॉम्बर, म्हणजे खाली सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं, अंगावर आली. त्यातली तीन आब्राने पाडली, अशी नोंद आहे आणि त्याबद्दल अल्काराझला सिल्व्हर क्रॉस मिळाला. वकिलांनी इथे बोट ठेवलं, की युद्धात पाडलेल्या विमानांचे आकडे नेहमी फुगतात. चीफने तो मुद्दा पुढे जाऊच दिला नाही. "तीन सोड, एक धर. मला सांग, लाकडी बोट, पोटात पेट्रोलच्या टाक्या, वरून बॉम्ब, आणि शेवटी बोट तरंगतेय. हे कसं जमतं?"

आणि त्याने कट्ट्यावरच्या धुळीत बोटाने रेघा ओढल्या. समजा विमानाने सहाशे मीटरवरून बॉम्ब सोडला. तीव्र सूर मारताना खाली येण्याचा वेग सेकंदाला 110 मीटर धरला, तर बॉम्ब पाण्यापर्यंत यायला साडेचार सेकंद लागतात. बोट 35 नॉटने पळत असेल तर ती सेकंदाला 18 मीटर जाते. म्हणजे तेवढ्यात 80 मीटर. हे 80 मीटर हीच तुमची ढाल. पण सुकाणू कधी फिरवायचं? लवकर फिरवलं तर वैमानिक सूर मारता मारता नेम सुधारतो. उशीर केला तर संपलंच. बॉम्ब विमानाखालून सुटताना दिसला की त्या क्षणी सुकाणू पूर्ण एका बाजूला. तोपर्यंत सरळ जायचं, विमान डोक्यावर वाढत असताना.

"आणि गोळीबार?" वकिलांनी विचारलं.

"तोही धरून ठेवायचा. एरवी विमान आडवं जात असलं की त्याच्या पुढे नेम धरावा लागतो. सूर मारून सरळ तुमच्यावर येणारं विमान मात्र नजरेत जागचं हलत नाही, फक्त मोठं होतं. पुढे नेम धरावाच लागत नाही. पण दुरून गोळ्या उधळल्यास तर ऐन वेळी मशीनगन रिकामी. जवळ येऊ द्यायचं. मग विमान वर उचलताना त्याचं पोट समोर येतं, तो दुसरा मोका. उसळत्या बोटीवरच्या पोरांना तोपर्यंत थांबवून धरणं, हे कप्तानाचं काम."

वकील थोडे नरमले, पण थोडेच. पेट्रोलचा विषय निघाला तेव्हा चीफने त्याच पाण्यात वावरणाऱ्या अमेरिकी पीटी बोटींची, म्हणजे तिकडच्या टॉर्पेडो बोटींची, हालत सांगितली. त्यांच्या पेट्रोलमध्ये मेण मिसळलेलं निघालं होतं. गाळण्या आणि कार्ब्युरेटर तुंबायचे, इंजिन मध्येच बंद पडायचं, सगळं खोलून साफ करावं लागायचं. वेगावर जगणाऱ्या बोटीचं इंजिन थांबलं की ती नुसतं लाकूड. रसद बंद, सुटे भाग नाहीत, आणि खाडीच्या तोंडाबाहेर जपानी आरमार. 9 एप्रिल 1942 ला मनिलाच्या उपसागराला लागूनचा बातान द्वीपकल्प जपान्यांच्या हाती पडला, वेढ्यातून निसटायचा प्रयत्न फसला आणि अल्काराझ युद्धकैदी झाला.

खरी खडाजंगी झाली ती इथून पुढे. ऑगस्ट 1942 मध्ये जपान्यांनी त्याला मालोलोसच्या छावणीतून सोडलं आणि तो जपानी अमलाखालच्या कॉन्स्टॅब्युलरीत, म्हणजे पोलीस दलात, अधिकारी झाला.

"शत्रूचा गणवेश घातला," वकील म्हणाले. "याला काय म्हणायचं?"

"गणवेश घालून त्याने काय केलं ते बघा," मास्तरांचा आवाज चढला. "मध्य लुझोनमध्ये त्या खुर्चीत बसून गनिमी पथकांना आतून मदत केली. सापडला असता तर सुटका नव्हती."

"हेतू चांगला असेल. पण गावातल्या माणसाला दिसतो तो गणवेशच. त्याला आतलं काय कळणार?"

या प्रश्नाला कट्ट्यावर कुणाकडेही पुरं उत्तर नव्हतं. मला स्वतःला मास्तरांचं पटतं, कारण या माणसाचं पुढचं वागणं त्याला पुष्टी देतं. तो नौदलात कमोडोरच्या वरिष्ठ हुद्द्यावर पोचून निवृत्त झाला. 1972 मध्ये अध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा पुकारला तेव्हा कमोडोरची पेन्शन घेऊन गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्याने उघड विरोध केला, देश सोडला आणि अमेरिकेत राहून फिलिपिन्सच्या मुक्ततेसाठी लढणाऱ्या चळवळीत काम केलं. जून 2009 मध्ये तो वारला. जहाजाला नाव देताना अध्यक्षपदी बेनिग्नो आकिनो तिसरे होते. त्यांचे वडील मार्कोसच्या तुरुंगात राहिलेले आणि पुढे मनिला विमानतळावर मारले गेलेले. त्यामुळे या नावाकडे नुसती युद्धाची आठवण म्हणून बघणं मला अपुरं वाटतं.

"आता हे मी मानतो," वकील म्हणाले. "नाव 1942 साठी नको, 1972 साठी द्या."

"दोन्हींसाठी," मास्तर.

चीफला मात्र जहाजाचं सांगायचंच होतं. हे मूळचं अमेरिकी तटरक्षक दलाचं ‘डॅलस’, 1960 च्या दशकातलं. नेहमीच्या चालीला दोन डिझेल इंजिनं, जोरात पळायला दोन गॅस टर्बाइन. दोन्ही एकाच वेळी जोडत नाहीत, एक सोडून दुसरं घ्यायचं. इतक्या जुन्या यंत्रखोलीत सगळ्यात जपायचं ते इंधनाच्या नळ्यांचे जोड. बारीक फवारा उडाला आणि धुराड्याच्या तापलेल्या नळीवरचं वेष्टण सुटलेलं असेल तर आग लागायला ठिणगीचीही गरज नसते. मे 2020 मध्ये कोची सोडल्यावर याच जहाजाच्या यंत्रखोलीत आग लागली, दोघं खलाशी भाजले. कारण काय ते चीफने सांगितलं नाही, मीही सांगत नाही. आग खलाशांनीच विझवली, जहाज कोचीला परतलं, आपल्या नौदलाच्या लोकांनी दुरुस्तीत हात लावला. पोटात साथीच्या काळातली मास्कची खेप होती. ती घेऊन जूनमध्ये अल्काराझ मनिलाच्या उपसागरात शिरलं, आब्रा लढली त्याच पाण्यात.