सर, मैदानावर जाऊ?

शाळेत पुरुष शिक्षक कमी असले की त्यांच्या वाट्याला विषयाखेरीज बरंच काही येतं. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवायला रुजू झालो, पण आधी माझी ओळख झाली ती बाकं, सतरंज्या आणि स्पीकरच्या डब्याशी. परिपाठाला माईक कुईंऽऽ करून ओरडला की सगळ्या बाई वळून माझ्याकडे बघतात, जणू तो माझ्याच घरातला आहे. हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही तो ऑफ तास.

ज्यांनी शाळा फक्त बाकावर बसून पाहिली, त्यांना ऑफ तास म्हणजे सणच. टेबलाच्या अलीकडून तो वेगळा दिसतो. वर्ग आपला नाही, विषय आपला नाही, हातात पुस्तक नाही, आणि या तिन्ही गोष्टी मुलांना आपल्याआधी कळलेल्या. कुणी रजेवर गेलं की पर्यवेक्षिका बाई वहीत बदली तास लावतात आणि शिपाई मामा ती वही घेऊन स्टाफरूमकडे येतात. मामांची चप्पल जिन्यात वाजली रे वाजली की अनुभवी मंडळी भराभर वह्या तपासायला लागतात. एकीला घरून फोन येतो. मी नवा, त्यामुळे चहाचा कप हातात धरून भाबडेपणाने दाराकडेच बघत असायचो. "सर, सही." संपला विषय.

बी.एड.ला आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले होते. त्यात विद्यार्थी म्हणून समोर आपलेच वर्गमित्र बसतात. पाच-सात मिनिटांचा पाठ. प्रबलन कौशल्य चालू असेल तर उत्तर देणाऱ्याला "शाब्बास" म्हणायचं. मिशा फुटलेले ते विद्यार्थी शाब्बासकीने लाजायचेसुद्धा, कारण पुढचा पाठ त्यांचा असायचा. हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. पण पहिल्या पदाला हात घालायच्या आतच कुणी "सर, पाणी पिऊन येऊ?" म्हणालं तर काय करायचं, ते त्या पाचांत कुठेच नाही.

आणि पाणी कधी एकट्याला लागत नाही. सातवी ब मध्ये एकाला सोडलं की "त्याला सोडलं, मला का नाही?" हा न्यायाचा प्रश्न उभा राहतो. बाकावर भरलेली बाटली दिसतेय म्हणावं, तर "ते कोमट आहे, सर." एकाला पाचवीतल्या बहिणीला कंपासपेटी द्यायची असते. एकाच्या नाकातून रक्त येणार असतं. अजून आलेलं नसतं, पण त्याला आधी कळतं. आणि या सगळ्यांवर हुकमी एक्का म्हणजे "आमचे सर सोडतात." हे 'आमचे सर' रजेवर असले की फार थोर होतात. ते मैदानावर नेतात, गृहपाठ देत नाहीत, डबा लवकर खाऊ देतात. ते रजेवरून परतल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही यांना खरंच सोडता का हो?" ते म्हणाले, "मला तर सांगतात, नवे सर सोडतात."

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवून दिलं आहे. हा आकडा बसलेल्या मुलांचा धरला असावा. ऑफ तासाला तीच मुलं दुप्पट होतात. याच कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यावर बंदी घालतं. योग्यच आहे. फक्त मानसिक त्रासाची बाजू एकतर्फी लिहिली गेलीय, एवढंच माझं नम्र म्हणणं.

आमच्या गणिताच्या ज्येष्ठ बाई वर्गात शिरतात, काही न बोलता खिडकी उघडतात, आणि वर्ग गप्प होतो. मी एकदा गुपित विचारलं. "ओरडू नका," त्या म्हणाल्या. "ओरडलात की त्यांना कळतं, यांच्याकडे दुसरं काही नाही. गप्प उभे राहा." दुसऱ्याच दिवशी मी सातवी ब समोर हाताची घडी घालून गप्प उभा राहिलो. थोड्या वेळाने पहिल्या बाकावरची मुलगी काळजीने म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" मग माझ्यासाठी म्हणून दोघं पाणी आणायला गेले आणि तास संपेपर्यंत आले नाहीत.

जुलैतल्या एका दिवशी मात्र गंमत झाली. मैदानात घोटाभर पाणी, पीटीचा तास रद्द, आणि वहीवर अर्थातच माझी सही. मी वर्गात पाऊल टाकतो न टाकतो तोच, "सर, मैदानावर जाऊ?"

"अरे, पाऊस पडतोय."

"म्हणूनच, सर."

एकाचं लक्ष माझ्या ओल्या पॅंटकडे गेलं. सकाळी मी उशिरा आलो होतो हे शाळाभर झालेलं होतंच. मी कल्याणहून येतो, गाड्या रखडल्या होत्या, असं सांगितलं आणि सांगता सांगता विचारून बसलो, "पहिली गाडी कुठे आली होती, माहितीये?"

"ठाण्याऽऽला!" हे ठाण्याच्या पोरांना पाळण्यातच सांगतात. मग मी खडू उचलला. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. सुटताना २१ तोफांची सलामी.

"सर, फास्ट होती की स्लो?"

"लेडीज डबा कुठला?"

"ठाण्याला किती नंबरला लागली?"

ही सगळी प्रश्नावली चालू असताना, गणिताच्या बाईंनी ज्याच्यापुढे हात टेकलेत तो शेवटच्या बाकावरचा मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत होता. तो उभा राहिला. "चौदा डब्यांत चारशे, म्हणजे एका डब्यात अठ्ठावीस-एकोणतीस. सर, एवढी माणसं तर आमच्या दारातच लटकतात!" यावर कळव्याच्या मुलांनी बाकं वाजवली. किसननगरची मुलं म्हणाली, टीएमटीच्या बसमध्ये याहून जास्त असतात. दोन्ही बाजूंनी पुरावे यायला लागले. पाणी प्यायला कुणीच गेलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी वाद मिटवायला म्हणून पुढचं साल लिहिलं. "आणि १८५४ मध्ये ही गाडी कल्याणपर्यंत पोचली."

पहिल्या बाकावरून लगेच आलं, "म्हणजे कल्याणवाले तेव्हापासूनच लेट!"

वर्ग असा काही फुटला की पर्यवेक्षिका बाई व्हरांड्यातून तडक आत आल्या. मुलं ताडकन उभी. बाईंनी फळा पाहिला, मला पाहिलं, मुलांना पाहिलं.

"कसला तास चाललाय?"

"इतिहास, बाई!" चाळीस तोंडांतून एकदम.

"इतिहास?" बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "मग ही सगळी जागी कशी?"

पुढच्या आठवड्यापासून माझे ऑफ तास वाढवण्यात आले.