साडेसहा पर्वत्या

सारसबागेत सकाळी साडेसहाला जमणाऱ्या आमच्या कट्ट्यावर युरोप न केलेला मी एकटाच उरलो होतो. ‘केलेला’ हे क्रियापद मुद्दाम वापरतो आहे, कारण काशी, रामेश्वर आणि चारधाम यांच्याप्रमाणे युरोप हीसुद्धा आमच्याकडे पाहण्याची नव्हे तर करण्याची गोष्ट आहे, आणि तो एकदा केला की माणसाला बाकाच्या मधल्या जागेवर बसण्याचा अधिकार मिळतो. मी अनेक वर्षे कडेला बसत होतो. निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त हेडमास्तर, पाटबंधारे खात्यातले ओव्हरसियर आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक गृहस्थ असे चौघे, आणि शेजारच्या बाकावर त्यांच्या सौभाग्यवती, एवढ्या आठ जणांचा युरोप मला रोज सकाळी तळ्यातल्या गणपतीच्या साक्षीने ऐकावा लागे. चौदा दिवसांत आठ देश पाहून आलेल्या माणसाला ते सांगायला किती वर्षे लागतात, याचा अंदाज ज्याने ऐकले आहे त्यालाच येईल.

अखेर गेल्या फेब्रुवारीत मुलाने आम्हा दोघांचे पैसे भरले आणि मी ती बातमी बाकावर सांगितली. आता तरी श्रवणभक्ती संपेल, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात तोवर चालले होते ते नुसते निरूपण होते. खरी दीक्षा त्या दिवशी सुरू झाली. पोस्टमास्तर म्हणाले, जाड कोट नेलाच पाहिजे. बँकवाले म्हणाले, जून महिन्यात कोट नेणारा माणूस कोटालाच युरोप दाखवून आणतो. चिवडा किती न्यावा यावरून दोघांचे दोन दिवस बोलणे बंद होते. हेडमास्तरांच्या पत्नीने आमच्या हिला बाजूला घेऊन आवाज खाली आणत सांगितले, “वहिनी, बॅगेत वरच एक प्लास्टिकचा मग ठेवा. तिकडे सगळं आहे हो, तेवढं एक नाही.”

मग युरोपच्या शेंगेन व्हिशाची पाळी आली. शेंगेन हे लक्झेंबर्गमधल्या मोझेल नदीकाठच्या एका लहानशा खेड्याचे नाव असून १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी तिथे चक्क एका बोटीवर बसून तो करार केला, ही माहिती विषय निघाला की हेडमास्तर देतातच, आणि विषय न निघाला तर ते तो काढतात. त्या मंडळींनी नावेत बसून आपापसातल्या सीमा पुसल्या ही गोष्ट मोठीच झाली. पण त्या पुसलेल्या सीमांच्या आत पाऊल टाकण्याआधी आम्हाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची खातेपत्रके, पेन्शनचे कागद, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा चेहरा आणि शिवाय आम्ही परत येऊ याचा पुरावा द्यावा लागला. सकाळच्या सात आणि रात्रीच्या चार गोळ्यांवर चाललेला माणूस पॅरिसमध्ये लपून राहून करणार तरी काय, हा प्रश्न विचारायला अर्जात रकाना नव्हता.

खरा प्रसंग बोटांच्या ठशांच्या वेळी गुदरला. माझी बोटे यंत्राने कशीबशी मान्य केली, परंतु हिची काही केल्या उमटेनात. चाळीस वर्षे भांडी, कणीक आणि धुणे यांनी त्या बोटांवरच्या रेषा अशा काही पुसून टाकल्या होत्या की काचेवर नुसता गुळगुळीत, कोरा अंगठा दिसत होता. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटे पुसली, मग मलम लावले, मग “काकू, जरा जोर लावून दाबा” असे म्हणत स्वतःच तिचा हात धरून दाबला. पाचव्या खेपेला हिरवा दिवा लागला. बाहेर आल्यावर ही शांतपणे म्हणाली, “दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला देताना हेच होतं. मी जिवंत आहे हे आपल्याच लोकांना पटत नाही, तर त्यांना कुठून पटणार?”

आता पर्वतीविषयी सांगितले पाहिजे. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, आणि ओव्हरसियरसाहेबांनी फार पूर्वीच ‘पर्वती’ हे कट्ट्याचे अधिकृत परिमाण ठरवून टाकले आहे. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या, म्हणजे तीन पर्वत्या आणि एक तृतीयांश. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ४६३ पायऱ्यांचा, म्हणजे साडेचार पर्वत्या. त्यात अर्धी पायरी कमी पडते, तेवढी ते उदार मनाने सोडून देतात. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत, म्हणजे साडेसहा पर्वत्या आणि वर थोडी मोड. हा हिशेब मला छोट्या वहीत लिहून देण्यात आला आणि एप्रिलपासून माझा सराव सुरू झाला. ओव्हरसियर खाली बाकावर बसून घड्याळ लावत, मी वर जाऊन देवदेवेश्वराला हात जोडून परत येई. मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मी लागोपाठ दोन पर्वत्या केल्या आणि तिसरीच्या ऐवजी डॉक्टर केले.

पॅरिसला पोचल्यावर कळले की आमच्या तिकिटात लिफ्ट होती. १८८९ सालच्या प्रदर्शनासाठी तो टॉवर बांधणाऱ्यांनी तेव्हाच लिफ्टची सोय करून ठेवली होती, हे एवढ्या वर्षांच्या निरूपणात कोणीही बोलले नव्हते. पायऱ्या लागल्या त्या हॉटेलात. तिथल्या लिफ्टमध्ये दोन माणसे किंवा एक माणूस आणि एक बॅग मावत असे, आमच्या गटात बेचाळीस माणसे होती, आणि प्रत्येकाची बॅग ही त्या माणसापेक्षा लठ्ठ होती. शिवाय तिकडे तळमजल्याला शून्य म्हणतात, त्यामुळे एकचे बटण दाबून आमच्यातले दोन काका बराच वेळ कॉरिडॉरमध्ये जेवणघर शोधत हिंडत होते. जेवणाचीही एक वेगळीच तऱ्हा होती. साडेसहाला टळटळीत उन्हात पुलाव समोर येई आणि जूनमधला सूर्य रात्री पावणेदहापर्यंत मावळायचे नाव घेत नसे. आमची ही रक्तदाबाची गोळी दिवेलागणीनंतर घेते. पॅरिसमधल्या तिन्ही दिवशी ती गोळी हातात धरून खिडकीत उभी राहिली आणि सूर्याकडे, उशिरा येणाऱ्या मोलकरणीकडे पाहावे, तशी पाहत राहिली.

लूव्र संग्रहालयात मोनालिसा पाहिली, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडराएवढी आहे. मी ती माझ्यापुढच्या उंच गृहस्थाने डोक्यावर धरलेल्या मोबाइलमध्ये पाहिली आणि त्यातही त्याच्या बॅटरीचे चार टक्के अधिक स्पष्ट दिसले. रोमला त्रेवी कारंज्यात उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो, अशी समजूत आहे. आमच्या बँकवाल्यांचा उजवा खांदा तीन वर्षांपूर्वी तिथे आखडला, हे मला माहीत होते, म्हणून मी नाणे खालून, गोट्या टाकतात तसे टाकले. नाण्यांची रक्कम पुढे धर्मादाय कामाला जाते, त्यामुळे नेमबाजी चुकली तरी पुण्य चुकले नसावे.

तथापि साठीनंतरच्या माणसाचा युरोप या स्थळांवरून ठरत नाही, तो दोन शौचालयांमधल्या अंतरावरून ठरतो, आणि हे मान्य करण्यात मला आता संकोच वाटत नाही. महामार्गावर एक युरो टाकल्याशिवाय आडवी दांडी हलत नाही. पहिल्या दिवशी त्याचे शंभर रुपये करून मन चरफडते, तिसऱ्या दिवशी गुणाकार बंद होतो आणि माणूस सुटी नाणी सौभाग्यलेण्यासारखी जपू लागतो. पॅरिसमध्ये रस्त्याकडेची स्वयंचलित शौचालये फुकट आहेत हे खरे, पण प्रत्येक वापरानंतर दार लावून ते यंत्र आधी स्वतःला धुऊन घेते आणि मगच पुढच्याला आत घेते. त्या यंत्राचे सोवळे आणि पोस्टमास्तरांचे प्रोस्टेट यांचा एका पावसाळी दुपारी झालेला सामना ही आमच्या बाकावरची सर्वांत लांबलेली कथा आहे. शेवट मात्र ते अजून सांगत नाहीत. इटलीत १९७५ सालच्या कायद्याने घरात एक तरी बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचे नळाचे बुटके भांडे, बसवणे बंधनकारक केले, आणि हॉटेलांतही ते सर्रास असते. आमच्या हिने त्याला पाय धुण्याची जागा समजून पहिल्या रात्री मनोभावे पाय धुतले, दुसऱ्या रात्री मोजे भिजवले, आणि खरा उपयोग कळल्यावर बॅगेतल्या मगाकडे एकवार पाहून म्हणाली, “एवढा एक देश शहाणा निघाला.” युरोपीय संघाचा आम्हाला तोंडपाठ झालेला कायदा मात्र वेगळाच होता. बसचालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे थांबलेच पाहिजे, असा तिकडे नियम आहे. तो अपघात टळावेत म्हणून केला असेल; पण बसमधल्या बेचाळीस ज्येष्ठांनी त्या नियमकर्त्यांना मनापासून दिलेले आशीर्वाद निराळ्या कारणाचे होते.

परत आल्यावर बाकावर मधली जागा मिळाली आणि रीतीप्रमाणे फोटोंची तपासणी झाली. लाकडी छपराचा, कठड्याला फुलांच्या कुंड्या लावलेला एक पूल निघाला आणि तो कुठला हे मला आठवेना. बँकवाले म्हणाले फ्लोरेन्स, पोस्टमास्तर म्हणाले प्राग. हेडमास्तर म्हणाले, “ल्युसर्न. चौदाव्या शतकातला पूल आहे तो आणि १९९३ साली जळाला होता. गाइड सांगत होता तेव्हा मी मनात म्हटलं, आमच्या थोरलीच्या लग्नाचं साल.” तरीही एकमत होईना, तेव्हा मोबाइल शेजारच्या बाकावर पाठवण्यात आला. पोस्टमास्तरांच्या पत्नीने चष्मा कपाळावर सारून चित्र जवळ नेले आणि क्षणात निकाल दिला, “ल्युसर्नच. या पुलावरच यांची कंबर धरली होती. हा बघा कठडा, इथे टेकून उभे होते.” मग माझ्या लक्षात आले की तो बाक खरा अभिलेखागार आहे. ॲमस्टरडॅम म्हणजे जिथे सायकलवाल्याने ओव्हरसियरांच्या वहिनींना शिव्या दिल्या, पण त्या कळल्या नाहीत म्हणून त्यांनी हसून हात हलवला. प्राग म्हणजे जिथे घड्याळातले पुतळे बघायला सगळे माना वर करून उभे असताना बँकवाल्यांची मान तशीच राहिली. पुरुषांच्या बाकावर शतके, मीटर आणि पर्वत्या नोंदलेल्या असतात. पण कुठले शहर ते विचारायचे झाले तर सांधे आणि पाठीचे मणके कोणाचे कुठे धरले, हे जिने शेक देताना लक्षात ठेवले तिलाच विचारावे लागते.

माझी म्हणून एक आठवण मीही सांगून पाहिली. रोममध्ये रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत आणि त्यांतून पिण्याचे गार पाणी अखंड वाहत असते. मी ओणवे होऊन ओंजळ धरायच्या खटपटीत होतो, तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेल्या, माझ्याच वयाच्या एका रोमन आजोबांनी मला थांबवले. त्यांनी नळाचे तोंड खालून बोटाने दाबून धरले, त्याबरोबर नळीच्या वरच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडाली आणि अलगद त्यांच्या तोंडात पडली. मग त्यांनी मला खुणेने सांगितले, आता तू. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकातल्या नळावर आम्ही मुले असेच बोट दाबून एकमेकांना भिजवत असू, आणि त्यासाठी मार खात असू. मी दाबले, पाणी नाकात गेले, आजोबा खदखदून हसले, माझी पाठ थोपटली आणि पिशवी उचलून चालू लागले.

मी थांबलो. बाकावर शांतता होती. ओव्हरसियर वही चाळत म्हणाले, “कितव्या दिवशी होतं हे? आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.” बँकवाल्यांनी विचारले, “पण फुकट होतं ना?” मी होय म्हणालो. ते वहीत टिपून घेण्यात आले.

पुढल्या वर्षी सगळ्यांनी मिळून स्पेन करायचा बेत आहे. गेल्या रविवारी ओव्हरसियरांनी नवे पान उघडून नेहमीचा प्रश्न टाकला, की सेव्हिलचा तो हिराल्दा मनोरा किती पर्वत्यांचा. हेडमास्तर बहुधा याच क्षणाची वाट पाहत असावेत. त्यांनी घसा साफ करून सांगितले की त्या मनोऱ्यात, अगदी टोकाच्या थोड्या सोडल्या, तर पायऱ्याच नाहीत. तीसहून अधिक सलग चढाव आहेत, कारण बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावे, म्हणून तो तसा बांधला असे सांगतात. ओव्हरसियरांची पेन्सिल वहीवर तशीच राहिली. एवढ्या वर्षांत पर्वतीने न मोजता येणारी वस्तू त्यांच्यासमोर प्रथमच आली होती.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पोस्टमास्तरांनी गुडघा चोळत विचारले, “घोडा पॅकेजमध्ये धरलाय, की त्याचे वेगळे पैसे?”