बर्फावर कोण नेणार आहे, ते आधी विचारा

परवा रात्री एका मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला. आइसलँडची ग्लेशियर हाइक, तीन तास. निळ्याशार बर्फाच्या गुहेत लाल जॅकेट घातलेली मुलगी, आणि खाली सवलतीचा आकडा. तिचा प्रश्न एवढाच, "स्वस्तात मिळतेय गं, घेऊन टाकू का?" मी मेसेज न लिहिता सरळ फोन केला. पाऊण तास बोललो. वर्षभरात हाच प्रश्न मला चार-पाच जणांनी विचारलाय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

मी, नवरा आणि माझ्या सासूबाई (वय ६४, मी त्यांना आईच म्हणते) गेल्या सप्टेंबरात सोल्हेइमायोकुत्लवर चालून आलो. 'योकुत्ल' म्हणजे त्यांच्या भाषेत हिमनदी. रेक्याविकहून गाडीनं दोनेक तास. मिर्दाल्सयोकुत्ल नावाची मोठी हिमटोपी आहे, तिची समुद्राच्या बाजूला उतरलेली ही एक जीभ. त्या टोपीच्या पोटात कात्ला ज्वालामुखी आहे, त्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ सालचा. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी ही जागा चांगली, कारण पार्किंगपासून बर्फाच्या कडेपर्यंत चालत जाता येतं आणि चढ अंगावर येत नाही.

पण जागा कुठली हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं ते माणसाबद्दल.

आमच्या पॅकेजमध्ये एका एजंटनं 'ग्लेशियर वॉक' आधीच घालून ठेवला होता. मी त्याला विचारलं, एका गाईडमागे किती माणसं असतात? गाईडचं प्रशिक्षण काय झालंय? हवा बिघडली तर पैसे परत की दुसरा दिवस? तो म्हणाला, "मॅडम, सगळे जाऊन येतात, काळजी करू नका." मला याचा मनापासून राग आला. सासूबाईंना मी घेऊन चालले होते, आणि हा माणूस मला एका आकड्याचं उत्तर देऊ शकत नव्हता. तेवढा भाग पॅकेजमधून काढायला लावला आणि तिथल्याच एका कंपनीला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गटात किती माणसं, गाईड कोणत्या पातळीपर्यंत शिकलेला, बूट भाड्यानं मिळतील का, सगळं सांगितलं होतं. शिवाय उलटा प्रश्नही होता, की आईंच्या गुडघ्यांना काही त्रास आहे का आणि त्या सलग किती चालतात? तिथेच माझं ठरलं. जी कंपनी तुमच्याबद्दल विचारते तिच्याबरोबर जावं.

आइसलँडमध्ये पर्वतीय गाईडांची संघटना आहे. हिमनदीवर नेणाऱ्यांना ती टप्प्याटप्प्यानं प्रशिक्षण देते, परीक्षा घेते. बर्फाच्या भेगेत कुणी पडलं तर दोर लावून वर कसं काढायचं, हे त्या शिक्षणात येतं. तुमच्या गाईडनं ते केलंय का, हे विचारण्यात संकोच कसला? डॉक्टरकडे जाताना आपण पाटी वाचतोच की.

गुहेच्या फोटोबद्दल जरा थांबून बोलते, कारण बहुतेक लोक फोटो बघूनच बुकिंग करतात. २५ ऑगस्ट २०२४ ला ब्रेदामेर्कुर्योकुत्ल या हिमनदीवर बर्फगुहेच्या टूरला गेलेल्या गटावर बर्फ कोसळला. एक अमेरिकन पर्यटक तिथेच मरण पावला, त्याची जोडीदार जखमी झाली. आणखी दोघं खाली अडकलीत असं समजून बचावपथकं दुसऱ्या दिवसापर्यंत बर्फ फोडत राहिली. शेवटी कळलं की खाली कुणीच नव्हतं. गटात २५ नाही, २३ माणसं होती. आकडाच चुकला होता. तेव्हा बुकिंग करताना हेही विचारा, की बर्फावर निघताना आमची नावं कोण लिहून घेतं आणि ती यादी कुणाकडे राहते?

या गुहा वितळलेल्या पाण्यानं कोरलेल्या असतात. उन्हाळ्यात पाणी वाहत असतं, बर्फ ठिसूळ होतो, छत कधी बसेल याचा भरवसा नाही. म्हणून नैसर्गिक गुहांचा खरा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, थंडी धरून असते तेव्हाचा. जून-जुलैमध्ये तुम्हाला कुणी निळी गुहा दाखवतो म्हणत असेल, तर मी तरी घरच्या माणसांना त्या टूरवर पाठवणार नाही. उन्हाळ्यात उघड्या हिमनदीवर चाला, तेच पोटभर आहे.

आता तयारी. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही हरिश्चंद्रगड केलाय, तीन तासांची ती काय वाट!" दमाचा प्रश्न नाहीच. प्रश्न पावलाचा आहे. सह्याद्रीच्या कातळावर आपण बुटाच्या चवड्यावर, कडेवर भार देत चढतो, ती सवय पायात मुरलेली असते. बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचा लोखंडी दातांचा सांगाडा घातला, की पाऊल सपाट टाकावं लागतं. सगळे दात एकदम रुतले पाहिजेत. दोन पायांत अंतर ठेवून चालायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. उतरताना गुडघे वाकवून, पाय आपटत. आमच्या गटात सगळ्यात जास्त अडखळला तो माझा नवरा, वीस वर्षं गड चढणारा. सासूबाईंना मोडायला जुनी सवयच नव्हती, त्या सांगितलं तसं चालल्या.

बूट हा तयारीतला सगळ्यात मोठा भाग. स्पोर्ट्स शूजवर क्रॅम्पॉन नीट बसत नाही, कारण तळवा मऊ असतो आणि वाकतो. घोट्याच्या वर येणारा, कडक तळव्याचा बूटच लागतो. तिथे भाड्यानं मिळतात, पण आईंचा पाय रुंद आहे, म्हणून आम्ही इथूनच घेतले. मग सहा आठवडे रोज सकाळी त्या नव्या बुटांत पर्वती. पहिल्या आठवड्यात एक फेरी, शेवटी शेवटी तीन. देवळात जाताना बूट काढायचे, परत घालायचे, लेस बांधायची. या बांधण्याचाही सराव होतो, तो लोक विसरतात. टाचेला फोड आला तो पर्वतीवर आला, आणि पर्वतीवरच बरा झाला. चढण्यापेक्षा पायऱ्या उतरण्याकडे लक्ष द्या, गुडघा तिथे कळतो. आणि जाण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतारावर बोटं पुढे सरकून आदळतात.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. जीन्स नको, सुती काही नको, भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत लोकरीचा थर, मध्ये फ्लीस, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. छत्री आणि पोंचो सुटकेसमध्येच राहू द्या, तिथला वारा दोन्ही टिकू देत नाही. आई नेहमी पंजाबी ड्रेस घालतात. सलवारीचा घेर क्रॅम्पॉनमध्ये गुंतेल म्हणून त्यांना पायाशी अरुंद अशी ट्रॅकपँट शिवून घेतली. हातमोजे उन्हातही घालायचेच, कारण हिमनदीचा बर्फ काचेसारखा असतो, नुसता हात टेकला तरी सोलवटतो. बांगड्यांवरून मोजा चढेना, तेव्हा आईंनी गाडीतच बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या. गॉगल हवाच, बर्फावरून ऊन खालूनही डोळ्यांवर येतं. शौचालय पार्किंगपाशी आहे, पुढे बर्फावर काही नाही, हे बायकांनी लक्षात ठेवावं. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की नेली होती. खिशात मावते आणि हातमोज्यांनी पण धरता येते.

आणि एक जादा दिवस ठेवा. हे मी हात जोडून सांगते. आमची टूर ठरलेल्या दिवशी रद्द झाली. तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजात वारा मीटर प्रति सेकंदात देतात. वीस असं वाचून आपल्याला काही वाटत नाही, पण ते ताशी ७२ किलोमीटर होतं. आमच्या हॉटेलातलं एक कुटुंब गाईडवर फार चिडलं होतं. इतक्या लांबून आलो, पैसे भरले, ऊन तर पडलंय. त्यांचं दुःख मला कळत होतं, त्यांचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. पण गाईडनं 'नाही' म्हटलं ते आपल्यासाठी म्हटलं. त्यासाठीच तर आपण त्याला पैसे देतो. दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही निघालो.

गाईड पंचविशीतली मुलगी होती. बर्फाच्या कडेशी तिनं प्रत्येकाचा हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षेचा पट्टा, स्वतः ओढून बघितला. मग आईंच्या पायाशी चक्क गुडघे टेकून बसली. आईंना कसंतरीच झालं, त्या "अगं, राहू दे, मी बांधते" म्हणत मागे सरकायला लागल्या. तिला मराठी कुठलं कळायला! तिनं टाच धरली, सांगाड्यात दाबली, पट्टा दोनदा फिरवून घट्ट केला, उरलेलं टोक आत खोचलं आणि आईंना पाय आपटायला सांगितलं. खर्रकन आवाज आला. पुन्हा पट्टा तपासला. असं बारा जणांचं, प्रत्येक पायाचं. वीस मिनिटं गेली त्यात, आणि कुणी कुरकुर केलेली तिनं ऐकून घेतली नाही.

वर गेल्यावर पहिल्यांदा दिसतं ते पांढरं नाही, काळं. बर्फावर राखेचे टोकदार ढीग उभे असतात, कमरेएवढे. हिमनदीत जुन्या उद्रेकांची राख थराथरानं अडकलेली असते आणि बर्फ वितळेल तशी वर येते. राखेचा जाड थर असला की खालच्या बर्फाला ऊन लागत नाही, आजूबाजूचा वितळतो आणि तेवढा भाग उंच राहतो. गाईडनं कुऱ्हाडीनं एका ढिगावरची राख खरवडली. आत लख्ख बर्फ. आई म्हणाल्या, "म्हणजे भुशात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखं." अगदी तसंच. पुढे एक खोल विहीर होती, वितळलेलं पाणी गरगरत तिच्यात उतरत होतं. गाईडनं आम्हाला चार पावलं मागे रांगेत उभं केलं आणि एकेकाला हार्नेसला धरून कडेपर्यंत नेलं. आत वाकून बघताना पाठीमागून तिची घट्ट पकड जाणवत होती. आकडे विचारा, प्रशिक्षण विचारा असं मी वर जे लिहिलंय ना, ते या पकडीसाठी.

परतताना पार्किंगच्या वाटेवर एक फलक लागतो. २०१० पासून जवळच्या ह्वोल्सवोत्लूर गावातल्या शाळेची मुलं दर शरदात येऊन हिमनदी किती मागे हटली ते मोजतात, आणि आकडा तिथे लिहितात. पहिल्या वर्षी जिथून मोजायला सुरुवात केली तिथे आता पुढे मोठं तळं आहे. आई त्या फलकापुढे बराच वेळ उभ्या होत्या. त्या ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. म्हणाल्या, "सातवीतली असतील ना ही? टेप कुणी धरायचा यावरून भांडत असतील." मग तळ्याकडे बघून गप्प झाल्या.

मैत्रिणीनं ती सवलतीची टूर सोडली. आता तीन कंपन्यांना ईमेल केलेत, एकीचं उत्तर आलंय. आईंचे बूट आमच्याकडे आहेत, ३७ नंबर, तळवा अजून चांगला आहे. कोथरूडच्या आसपास कुणाला बसत असतील तर येऊन घालून बघा, पण निदान महिनाभर आधी न्या.