गाडीचं काट्यावर वजन केल्याशिवाय सस्पेन्शनची स्प्रिंग घेऊ नका: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने थारवाले, जिम्नीवाले, जिप्सीवाले सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरतोय, मला तर चार जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा (विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं बंपरवरचं यंत्र, शॉकअप म्हणजे शॉक अब्सॉर्बर, क्लिअरन्स म्हणजे गाडीच्या खालची मोकळी उंची): "बंपर, विंच, कॅरिअर लावलंय ना, मग डोळे झाकून सगळ्यात कडक स्प्रिंग टाका. कडक तेवढी भारी. चारही चाकांना हेवीच टाका. गाडीची वजन उचलायची ताकद वाढते. शॉकअप कंपनीचेच राहू द्या. दोन इंच उंची म्हणजे दोन इंच क्लिअरन्स फुकट. बजेट नसेल तर स्पेसर नाहीतर बफर, काम तेच. आणि एकदा टाकली की परत बघायला नको."

हाच सल्ला मला एका गॅरेजवाल्याने तोंडी दिला होता, मी तो ऐकला, पैसे गेले ते गेलेच पण एकदा पावसात ब्रेक मारताना जीव घशाशी आला. म्हणून एकेक मुद्दा घेतोय. लांबेल, पण वाचा, कारण हे वाचून उद्या कोणीतरी नवीन पोरगा घरच्यांना घेऊन कसारा घाट उतरणार आहे.

"कडक तेवढी भारी" हे पहिलं घेऊ. ऑफरोडला स्प्रिंगचं मुख्य काम काय, तर चाक जमिनीला टेकवून ठेवणं. पुढचं डावं चाक दगडावर चढलं की दुसऱ्या एखाद्या चाकाला खाली लटकावं लागतं, नाहीतर ते हवेत जातं. मऊ स्प्रिंग दबते पण भरपूर आणि सुटते पण भरपूर, त्यामुळे चाक खाली पोचतं. कडक स्प्रिंग गाडीच्या वजनाने दबलेलीच थोडी असते, मग सुटायला तिच्याकडे उरतंच किती? माझी थार कर्जतच्या बाजूला एका साध्या नाल्यात, जिथून ती आधी आरामात निघायची, तिथेच कडक स्प्रिंगवर मागचं उजवं चाक वीतभर वर घेऊन उभी राहिली, चाक नुसतं गरागरा फिरत होतं आणि गाडी जागची हलेना. रस्ता तोच, टायर तेच, ड्रायव्हर तोच, बदलली होती फक्त स्प्रिंग.

आणि "थोडी कडक" म्हणजे किती कडक याचा लोकांना अंदाज नसतो. कॉइल स्प्रिंगची कडकी तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढते. म्हणजे १२ मिमी तारेच्या जागी १३ मिमीची तार, बाकी वेढे आणि व्यास तेवढेच, तर स्प्रिंग ३८ टक्क्यांच्या आसपास कडक होते. एक मिलिमीटर! डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, व्हर्निअर लावल्याशिवाय कळत पण नाही. म्हणून दुकानदाराने नुसतं "हेवी ड्यूटी" म्हटलं की तिथेच थांबा आणि विचारा, ही नेमकी किती किलो जादा वजनासाठी बनवली आहे? चांगल्या किटवर ती रेंज दिलेली असते. नसेल, किंवा सांगता येत नसेल, तर ती स्प्रिंग घेऊ नका.

आता "चारही चाकांना हेवीच", जिथे मी स्वतः फसलो. माझ्या गाडीला पुढे स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ९० किलो, खाली स्किड प्लेट (पोट वाचवणारा पत्रा), वर कॅरिअर. इतकं सगळं लावलंय म्हटल्यावर पुढे-मागे हेवी पाहिजेच असं मला पण वाटलं होतं. पुढे सहा महिन्यांनी, वैतागून, मी आणि एक मित्र दोघे आपापली थार घेऊन कळंबोलीला गेलो, लोखंड बाजारामुळे तिकडे वजनकाटे भरपूर आहेत. मित्राची गाडी तेच मॉडेल, टायर पण माझ्याच मापाचे, बाकी काही लावलेलं नाही. दोघांच्या टाक्या फुल, कारण ५७ लिटर डिझेल म्हणजेच ४८ किलोच्या आसपास जातं, तेवढ्याने हिशोब बिघडतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, पावती. मग अख्खी गाडी, दुसरी पावती. दोन्हीतला फरक म्हणजे मागचं वजन. काटेवाला मामा म्हणाला, ट्रकची रांग लागलीय आणि तुम्ही काय खेळताय, पण दिल्या पावत्या.

पुढच्या अॅक्सलवर माझी गाडी १५० किलोने जड निघाली. आणि मागे? मागे दोन्ही गाड्यांचा आकडा सेम. तो काटा १० किलोच्या पायरीने दाखवतो त्यामुळे पाच-सात किलो इकडेतिकडे धरा, पण मागे वजन वाढलेलंच नव्हतं!

कारण सोपं आहे. विंच लटकतं पुढच्या अॅक्सलच्या पण पुढे, साधारण ७० सेंटिमीटर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर, २४५० मिमी. सी-सॉ सारखं होतं ते, ९० किलो नुसते ९० म्हणून पुढच्या अॅक्सलवर बसत नाहीत, ११६ म्हणून बसतात आणि मागून २६ किलो उचलतात. कॅरिअरने आणि स्किड प्लेटने मागे जेवढं टाकलं तेवढं विंचने काढून घेतलं. म्हणजे मागच्या हेवी स्प्रिंग सहा महिने शून्य जादा वजनावर चालत होत्या.

आणि त्याचा परिणाम मुंबईत रोज दिसायचा. फ्लायओव्हरच्या प्रत्येक जॉइंटला मागचा अॅक्सल टणकन उडी मारायचा, बायको मागे बसायला तयार नाही, लेकीला उलट्या. जुलैमध्ये ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला पुढचा टेम्पो अचानक थांबला, मी ब्रेक मारला नेमका जॉइंटवर, ओला रस्ता, मागची चाकं क्षणभर टेकलीच नाहीत, एबीएस पायाखाली कडकड करत राहिला आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे जात राहिली. टेम्पोच्या मागे हातभर अंतर उरलं. हे मी विसरू शकत नाही.

तर स्प्रिंग निवडायची ती कायमच्या वजनावर, म्हणजे सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाताना पण गाडीवर जे असतं त्यावर. वर्षातून चार वेळा ट्रिपला जाताना मागे शंभर किलो सामान टाकता म्हणून ३६५ दिवस शंभर किलोची स्प्रिंग घालून फिरू नका. त्यासाठी, शॉकअप कॉइलच्या बाहेर असेल तर, मागच्या कॉइलच्या आत बसणारी हवेची बॅग मिळते, ट्रिपला हवा भरा, घरी आलात की कमी करा. अजून एक, मोठ्या टायरचं वजन काट्यावर दिसतं पण ते स्प्रिंगवर येत नाही, चाक-टायर-अॅक्सल हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं, ते हिशोबातून वजा करा. आमचे टायर सारखेच होते म्हणून आमचं काम सोपं झालं.

"वजन उचलायची ताकद वाढते". हे वाक्य सगळ्यात धोकादायक आहे. गाडी किती वजनाला पास आहे ते कंपनीने ठरवलेलं असतं, त्यात अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसिस, टायर सगळं येतं. तुम्ही बदलली एक स्प्रिंग. बाकीचे काल होते तेच आहेत. जिम्नीचं उदाहरण घ्या, पाच दरवाजांची. रिकामी गाडी १२१० किलोपर्यंत, एकूण मर्यादा १५४५. राहिले ३३५. चार जण सरासरी ७० किलोचे बसले की २८० गेले. उरले ५५. त्यात तुम्ही स्टील बंपर आणि विंच लावलात की चौथा माणूस बसताच हिशोब संपतो. कडक स्प्रिंगने एवढंच होतं की गाडी मागून बसलेली दिसत नाही, म्हणजे ओव्हरलोड झाल्याची जी एक खूण डोळ्याला दिसायची ती पण जाते. ब्रेकला मात्र सगळं वजन कळतं.

(बुलबारचं, म्हणजे पुढे लावतात त्या लोखंडी गार्डचं, पण सांगून ठेवतो, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन. लावायच्या आधी हे माहीत असू द्या.)

"शॉकअप कंपनीचेच राहू द्या". स्प्रिंग वजन धरते, शॉकअप तिची उसळी आवरतो, दोघांची जोडी जुळलेली असते. वजन तेच ठेवून स्प्रिंग ३८ टक्के कडक केली तर तेवढाच आवर घालायला शॉकअपची ताकद साधारण १७ टक्के जास्त लागते. कंपनीचा शॉकअप ते कुठून आणणार? मग गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलते. त्याहून वाईट म्हणजे लांबी. उंच स्प्रिंग टाकली की शॉकअप उभ्या गाडीतच अर्धाअधिक उघडलेला असतो, चाक लटकलं की तो आतल्या आत शेवटाला जाऊन ठोकतो, दर खेपेला. माझे मागचे दोन्ही पाचव्या महिन्यात गळायला लागले, रॉडवर तेल आणि त्यावर लाल माती चिकटून थर झाला होता. म्हणून शॉकअप घेताना पूर्ण उघडी लांबी आणि पूर्ण बंद लांबी दोन्ही बघा. बंद लांबी जास्त असेल तर बंप स्टॉपच्या (चाक वर येताना शेवटी अडवणारं रबर) आधी शॉकअपच बसतो आणि तो पार फुटतो. ब्रेकचे होज पण चाक पूर्ण लटकवून बघा, ताणले जात नाहीत ना.

"दोन इंच क्लिअरन्स फुकट". थारच्या मागे आणि जिम्नी-जिप्सीच्या पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आहे. डिफरेन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा त्या अॅक्सलवरच असतो, म्हणजे स्प्रिंगच्या खाली. वरची बॉडी तुम्ही दोन इंच उचला नाहीतर चार, गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो, दगड लागतो तो त्यालाच. तो उचलतो फक्त टायर, आणि तो पण निम्मा, म्हणजे दोन इंच मोठ्या व्यासाच्या टायरने एक इंच. स्प्रिंगने पोट आणि बंपर वर जातात, त्याचा फायदा आहे, नाही असं नाही. पण फुकट नाही. जिम्नीत उंचीबरोबर कॅस्टर (स्टिअरिंगचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला आळस करतं, आणि पॅनहार्ड रॉडमुळे (अॅक्सलला आडवा धरणारा दांडा) अॅक्सल एका बाजूला सरकतो. थारच्या पुढे ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटतात. अलाइनमेंट न करता बाहेर पडायचं नाही.

स्पेसर आणि बफर. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला घालतात ती जाड चकती. त्याने गाडी उचलली जाते, स्प्रिंग आहे तेवढीच कडक राहते, वजन होतं तेवढंच राहतं. आणि पूर्ण दाबात स्प्रिंगला स्पेसरच्या जाडीएवढी जागा कमी मिळते, वेढे एकमेकांवर आपटायची भीती. एका बाजूने गाडी थोडी कलली असेल तर १० मिमीचा स्पेसर ठीक, त्याला माझा विरोध नाही. बफर म्हणजे कॉइलच्या वेढ्यांमधे अडकवतात ते रबर. तो वेढा कामातून जातो आणि त्याच्या वाटचा ताण बाकीच्यांवर पडतो. जड गाडीत तर नकोच. स्प्रिंग कापणं हा त्याचाच भाऊ: सात वेढ्यांतला एक कापला की गाडी बसते, स्प्रिंग १७ टक्के कडक होते, आणि चाक लटकलं की स्प्रिंग आपल्या बैठकीवरून (सीटवरून) निसटू शकते.

पाटेवाल्यांना (लीफ स्प्रिंग, जशी जिप्सीला असते) "एक पाटा वाढवा" नाहीतर "जाड पाटे टाका" सांगतात. पाट्याला जाडीचा तिसरा घात लागतो, ६ मिमीच्या जागी ७ मिमीचे पाटे म्हणजे ५९ टक्के कडक. आधी जुन्या पाट्यांची कमान बघा, नुसती बसली असेल तर कमान मारून आणा. यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला बांधतात ते) नवीनच घ्या, ताणलेले परत लावू नका, काहीशे किलोमीटरनंतर परत टाइट करा, आणि रबर बुश असतील तर शॅकलचे (पाट्याच्या टोकाची हलणारी कडी) बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, "परत बघायला नको". मुंबईत? एका मित्राची जाड, महागडी, हेवी स्प्रिंग सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर तुटली. तुकडा मी हातात घेऊन बघितला. सगळ्यात खालचा वेढा, रबरी सीटच्या जवळ, तिरपा तुटलेला, आणि त्या तोंडावर कडेला नखाएवढा अर्धचंद्र गंजून काळा-तांबडा, बाकी सगळं ताजं, चकचकीत. म्हणजे ती स्पीडब्रेकरवर तुटली नाही, कितीतरी आधी तडकायला लागली होती. गाडी अलिबाग-केळव्याला बीचवर जायची, सीटमधे रेती आणि खारट चिखल बसून राहायचा, पेंट उडालेल्या जागी खड्डा पडला आणि तिथून तडा आत गेला. जाडीने यातलं काहीच थांबत नाही. बीचवरून आलात की गोड्या पाण्याचा पाइप थेट खालच्या सीटमधे मारा, पावसाळा संपला की चाक काढून खालचा वेढा तारेच्या ब्रशने साफ करून टॉर्च लावून बघा, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही बाजूंचं लिहून ठेवा. जमिनीपासून नको, टायर झिजला की ते फसवतं. माझी मापं ग्लोव्हबॉक्समधे त्या कळंबोलीच्या पावत्यांना पिन करून ठेवलीत. आता पुढे १५० किलोच्या रेंजची स्प्रिंग आहे, मागे कंपनीची, शॉकअप चारही दोन्ही लांब्या मोजून घेतलेले, आणि लेक मागे बसून झोपते.